जावयाकडून स्कीइंग शिकू नका

पत्र:

"ताई, माझं वय ५७. पणजीत मळ्याला राहते. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या कार्यालयातून निवृत्त झाले. मुलगी कॅल्गरीला असते, तिच्याकडे दोन हिवाळे काढून आले. दर शनिवारी सगळी मंडळी स्कीइंगला जातात आणि मी खाली कँटीनच्या काचेआड बसून सगळ्यांच्या बॅगा राखते. नात सहा वर्षांची. गेल्या खेपेला म्हणाली, 'आजी, तुला येत नाही तर शीक ना.' तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. यंदा नाही, पुढच्या नाताळला परत जायचं आहे. जावई म्हणतो, 'आई, मी शिकवतो, त्यात काय!' आमचे हे म्हणतात, हातपाय मोडून घेशील आणि मग पेज मलाच करून वाढावी लागेल. उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. स्कूटर मी एक्केचाळिसाव्या वर्षी शिकले, तेव्हाही लोक हसले होते. मधल्या काळात गुलमर्गला वगैरे जाऊन गुपचूप शिकावं असं मनात येतं. हा वेडेपणा आहे का? सगळ्यांसमोर पडायची मला फार लाज वाटते."

उत्तर:

ताई, जा. येत्या फेब्रुवारीत गुलमर्गला जा, सहा-सात दिवस हाताशी ठेवा, आणि गुपचूप जायचं असेल तर गुपचूप जा. मी स्वतः त्रेपन्नाव्या वर्षी उत्तराखंडातल्या औलीला शिकले. शिकले म्हणजे काय, नवशिक्यांच्या उतारावरून स्वतःच्या मर्जीने खाली यायला आणि हव्या त्या जागी थांबायला शिकले. तेवढंही पुष्कळ आहे. नातीबरोबर एका उतारावर उतरायला त्याहून जास्त लागत नाही.

तुमचा गुडघा, तुमची गोळी, यांच्याकडे येतेच. पण पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. पडायची लाज वाटते म्हणता. तुम्ही शेवटच्या कधी पडला होता, आठवतं? मला औलीला जाण्यापूर्वी आठवत नव्हतं. आपण गोव्यातल्या बायका तर न पडण्यात तरबेज असतो. चिऱ्याचं अंगण, वर जुलैतलं शेवाळ, हातात कळशी किंवा ओल्या कपड्यांची बादली, आणि तरी आपण पडत नाही. कसं जमतं ते? चपलेत पायाची बोटं आवळून धरायची, गुडघे ताठ, अंग किंचित मागे आणि पावलं आखूड. चाळीस पावसाळे ही तालीम झालेली असते. ती आपण कुणाकडून शिकलो हेही आठवत नाही, इतकी ती अंगात मुरलेली आहे.

स्कीवर नेमकी हीच तालीम नडते. उतार दिसला की शरीर आपोआप मागे झुकतं, आणि मागे झुकलं की स्कीची पुढची टोकं हलकी होतात, बर्फावरची पकड जाते, वळता येत नाही, वेग वाढतो. वेग वाढला म्हणून माणूस आणखी मागे बसतो. मग जे व्हायचं ते होतं. स्कीचा बूट कडक प्लास्टिकचा असतो, घोट्याच्या वर नडगीपर्यंत येतो, आणि आतून पुढच्या बाजूला एक जाड जीभ असते. शिक्षक दिवसभर एकच गोष्ट सांगतो: नडगी त्या जिभेवर दाबून ठेवा. म्हणजे खाली दरी दिसत असताना दरीच्या दिशेने वाकायचं! पहिले दोन दिवस तुमचं सगळं अंग याला नाही म्हणेल. मला तर बोटं आवळायच्या सवयीने तळपायात असे गोळे आले की शिक्षकाने बूट काढून बघितलं, आत खडा गेलाय का म्हणून. खडा कसला, माझीच बोटं होती. बुटात बोटं सैल आणि सपाट राहिली पाहिजेत. ती आवळली की वजन टाचेवर जातं.

वळण्याचा प्रकारही असाच उलटा. नवशिक्याला आधी 'स्नोप्लाऊ' शिकवतात: दोन्ही स्कींची पुढची टोकं जवळ, मागची फाकलेली, वरून पाहिलं तर इंग्रजी 'व्ही' उलटा ठेवल्यासारखा. टाचा बाहेर ढकलल्या की स्कींच्या आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग कमी होतो. उजवीकडे वळायचं असेल तर वजन डाव्या पायावर द्यायचं. डोक्याला हे पटतं, पायाला पटायला वेळ लागतो. तुम्ही स्कूटरवाल्या आहात, तुम्हाला एक सोपं जाईल: जिकडे बघाल तिकडे जाल. पायाखाली बघाल तर पायाखालीच बसाल.

आता पडण्याचं. चांगला शिक्षक पहिल्याच तासात पाडून दाखवतो, आणि नसेल दाखवत तर तुम्ही मागून घ्या. तोल जातोय असं वाटलं की वाचायची धडपड करायची नाही. बाजूला, डोंगराच्या अंगाला, कुल्ल्यावर बसल्यासारखं लवंडायचं. पाठीमागे स्कीच्या शेपटांवर बसणं हा सगळ्यात वाईट प्रकार. त्यात गुडघा वाकलेला असताना पाय आत पिळला जातो आणि गुडघ्यातला लिगामेंट तुटू शकतो. स्कीइंगमध्ये गुडघ्याच्या दुखापती जास्त होतात त्या काही वयाने झिजलेल्या गुडघ्यांनाच होतात असं नाही, पंचविशीतल्यांनाही होतात, आणि पुष्कळदा अशाच मागे बसण्याने होतात. घसरत असताना उठायची घाईही करू नका. पूर्ण थांबा, मग दोन्ही स्की आपल्यापेक्षा खालच्या बाजूला, उताराला आडव्या करा, आणि वरच्या बाजूला हात टेकून उठा. नाही जमलं तर सरळ वरची स्की काढून टाका आणि उठा. शिक्षक म्हणेल, काढू नका, सवय लागेल. लागू दे. गुडघा आपला आहे.

आणि हातातल्या काठ्या सोडून द्यायला शिका. मी तिसऱ्या दिवशी पडले ती काठी घट्ट धरून, पट्टा मनगटात अडकवलेला. अंगठा मागे फाकला. तिथला लिगामेंट ताणला गेला होता, या दुखापतीला 'स्कीअर्स थम्ब' असं नावच आहे. घरी आल्यावर तीन महिने आदोळीवर नारळ खवता आला नाही. आमच्याकडे तीन महिने नारळ खवायचा नाही म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. पहिले दोन दिवस तर मी म्हणेन काठ्या घेऊच नका, हात मोकळे ठेवा.

हे सगळं वाचून तुमच्या लक्षात आलं असेल की जावयाचा प्रस्ताव मी का बाद करते आहे. मुलगा भला दिसतो, त्याच्याविरुद्ध काही नाही. पण सासूबाई पडल्या की तो "आई, आई" करत धावत येणार, दोन्ही काखांत हात घालून उचलणार, बर्फ झटकणार, आणि तुम्ही "काही नाही हो, काही नाही" म्हणत ओशाळणार. तिसऱ्यांदा पडायची तुमची हिंमत होणार नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या पडण्यानंतरच तर अंग सैल होतं. शिवाय तो लहानपणी किंवा विशीत शिकला असेल. ज्याला आपोआप येतं त्याला ते कसं येतं हे सांगता येत नाही. तो तुम्हाला पहिल्याच दिवशी लिफ्टने वर नेईल, कारण त्याला तो उतार उतारच वाटत नाही. अनोळखी शिक्षकासमोर, अनोळखी माणसांत, लाल नाकाने पन्नास वेळा पडता येतं. त्याला तुमच्यासारखे आठवड्याला वीस भेटतात.

म्हणून गुलमर्ग. औली मला प्रिय आहे, समोर नंदादेवी असते, ७,८१६ मीटरची, पडून राहिलं तरी वेळ जातो. पण २०२३च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचली आणि तिथून औलीला जाणारा रोपवे बंद करावा लागला. तिकडे जायचं तर आधी रस्त्याची, राहण्याची ताजी चौकशी करून मगच. मनालीजवळच्या सोलंगलाही उतार आहेत, पण तिथे पर्यटकांची जत्रा असते. गुलमर्ग गावाला लागूनच, गोल्फ मैदानाच्या खोलगट पसाऱ्यात, नवशिक्यांसाठी हलके उतार आहेत. दाबोळी किंवा मोपाहून दिल्ली वा मुंबईमार्गे श्रीनगर, तिथून सुमारे ५० किलोमीटर. टंगमर्गच्या पुढे बर्फ असेल तर चाकांना साखळ्या लावलेली गाडी घ्यावी लागते. तुमचं सिम प्रीपेड असेल तर ते तिथे चालणार नाही, पोस्टपेड करून घ्या, नाहीतर गुपचूप गेलेली बाई हरवली म्हणून घरचे पोलिसांत जातील.

काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्लई कलान', म्हणजे कडाक्याची थंडी. बर्फ साठतो तो या काळात. तरीही २०२४चा जवळजवळ सगळा जानेवारी गुलमर्ग कोरडं होतं, लोक बर्फ बघायला गेले आणि पिवळं गवत बघून आले. म्हणून फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा धरा आणि बदलता येणारं तिकीट काढा. चार पैसे जास्त जातील.

केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था गुलमर्गलाच आहे. तिचे अभ्यासक्रम स्वस्त आणि शिस्तीचे. मात्र अर्ज भरण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचारा: वयाची अट काय, आणि वैद्यकीय दाखला कोणत्या नमुन्यात हवा. तिथे बसलं नाही तर दिवसाच्या बोलीवर स्थानिक शिक्षक मिळतात, हॉटेलातून नोंदणी असलेला शिक्षक मागा आणि सगळे दिवस एकच माणूस ठरवा. ही पोरं त्याच उतारांवर वाढलेली असतात. २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताकडून एकटा उतरलेला आरिफ खान याच टंगमर्ग-गुलमर्ग भागातला. गाडीतून उतरताच गमबूट आणि जुन्या स्की पुढे करून "मॅडम, दस मिनट में सिखा दूंगा" म्हणणारे भेटतील, त्यांना नमस्कार करून पुढे चला.

गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे. गोव्यातला सगळ्यात उंच डोंगर याच्या निम्म्यालाही पोचत नाही. आपण समुद्रसपाटीची माणसं, तेव्हा पहिला दिवस नुसता चालायचा आणि पाणी प्यायचा. डोकं दुखलं, मळमळलं, तर दुसराही दिवस तसाच जाऊ दे. गंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवत डोंगरावर ३,९५० मीटरच्या आसपास नेतो. पाहायला जायचं तर शेवटच्या दिवशी जा, तेही डॉक्टरांना विचारून, आणि स्की खालीच ठेवून. अफरवतच्या मोकळ्या उतारांवर कसलेले लोक जातात आणि त्यांतलेही सगळे परत येत नाहीत. २०२३ आणि २०२४, दोन्ही फेब्रुवारींत तिथे हिमकडा कोसळून परदेशी स्कीपटू दगावले.

आता एका गोष्टीबद्दल जरा जास्त लिहिते, कारण ती कुणी सांगत नाही. बूट आणि स्की यांना जोडणारा जो खटका असतो, त्याला बाइंडिंग म्हणतात. पडताना ठरावीक जोर आला की तो सुटला पाहिजे, म्हणजे लांबलचक स्की पायाला अडकून गुडघा पिळत नाही. तो किती जोराने सुटावा याचा एक आकडा असतो, बाइंडिंगच्या पुढच्या आणि मागच्या भागावर छोट्याशा खिडकीत दिसतो. हा आकडा वजन, उंची, बुटाच्या तळाची लांबी, तुम्ही किती शिकलेल्या आहात आणि तुमचं वय यांवरून कोष्टकात बघून ठरवतात. पन्नाशी ओलांडली की त्याच कोष्टकात एक पायरी खाली, म्हणजे खटका जरा लवकर सुटेल असा. तेव्हा ताई, भाड्याच्या दुकानात वय चोरू नका. वजनही नाही. लग्नघरी काय सांगायचं ते सांगा.

मी गेले होते त्या दुकानात (नाव लिहीत नाही) कुणी काही विचारलंच नाही. आधीच्या तगड्या पोराने वापरलेल्या स्की तशाच माझ्या पायाला लावल्या. दुसऱ्या दिवशी मी आडवी झाले आणि एकही खटका सुटला नाही. नशीब की वेग बैलगाडीचा होता. नंतर शिक्षकाने पेचकस मागवून तिथेच आकडा उतरवला. तुम्ही एका चिठ्ठीवर वय, वजन, उंची लिहून न्या, दुकानदाराच्या हातात द्या, आणि त्याने पेचकस हातात घेतल्याशिवाय दुकानातून हलू नका. तो हसला तर दुसऱ्या दुकानात जा.

गुडघ्याचं. आधी अस्थितज्ज्ञाकडे. कुरकुर म्हणजे नुसती स्नायूंची कमजोरी आहे की आत झीज किंवा फाटका कुर्चा आहे, हे पत्रावरून मला कळणार नाही आणि मी डॉक्टर नाही. त्यांना "व्यायाम करू का" असं मोघम विचारू नका, "स्कीइंग करायचं आहे" असं स्पष्ट सांगा. पाळी गेल्यानंतर आपल्या हाडांचं कॅल्शियम झपाट्याने उतरतं, म्हणून हाडांच्या घनतेची तपासणीही याच फेरीत करून घ्या. ती वाईट आली तर मी माझा सल्ला मागे घेईन. तुम्ही तेव्हा बर्फाची गाडी, नातीचे फोटो, यांवर समाधान माना. रक्तदाब गोळीने ताब्यात असेल तर उंचीवर जाण्याबद्दल तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा होकार घ्या.

ते हो म्हणाले की तयारीला लागा. नुकतीच चवथ झाली, तुमच्या हाताशी जवळजवळ पाच महिने आहेत. सगळे लोक चढायचा सराव करतात. तुम्ही उतरायचा करा. स्कीवर मांड्यांचे स्नायू पूर्ण वेळ वजन तोलत, हळूहळू लांबत काम करतात, जिना उतरताना करतात तसं. मळ्याचा मारुती तुमच्या घराजवळच आहे. पायऱ्या चढून दर्शन घ्या आणि उतरताना एकेका पायरीला मनात तीनपर्यंत मोजत उतरा. कठड्यावर हात असू दे, पण भार नको. पहिल्या आठवड्यात मांड्या थरथरतील. गुडघा दुखून सुजला तर थांबा, मांडी दुखली तर चालू ठेवा. घरी भिंतीला पाठ लावून खुर्चीवर बसल्यासारखं अर्धवट बसायचं, सुरुवातीला वीस सेकंद. दात घासताना एका पायावर उभं राहायचं. आणि रोज एकदा जेवायला पाटावर बसा, हात न टेकता उठता येतं का पाहा. डिसेंबरपर्यंत एका हाताच्या टेकूने जरी उठता आलं तरी बर्फातून उठणं जमेल.

तुमचे भाऊ-भाचे कुणी दुबईत आहेत का? आपल्याकडे ज्याचं कुणीच आखातात नाही असं घर विरळा, म्हणून विचारते. तिथल्या एका मोठ्या मॉलमध्ये २००५ पासून छताखाली बर्फाचा उतार आहे, सगळ्यात लांब घसरण ४०० मीटरची. नवशिक्यांना तासाच्या हिशेबाने शिकवतात, कपडे-बूट तिथेच मिळतात. दुबईला जाणं होणारच असेल तर दोन तास काढून या. आपल्याला हे आवडतं की नाही एवढं त्यात नक्की कळतं. आवडणारच असं नाही हो. माझ्या एका मैत्रिणीने तिसऱ्या तासाला स्की काढल्या, काहवा मागवला आणि उरलेले पाच दिवस मजेत पुस्तक वाचत बसली. तीही मोठी समाधानी होऊन परतली.

कपड्यांवर खर्च करू नका. जाड कोट-पँट, बूट, हेल्मेट सगळं भाड्याने मिळतं. हेल्मेट घ्याच. आतले थर्मल कपडे, पाणी न शिरणारे हातमोजे, गॉगल आणि स्कीचे लांब मोजे तेवढे स्वतःचे न्या. मोज्याचा एकच जोड घालायचा, थंडी वाजते म्हणून दोन नाहीत. दोन घातले की चुण्या पडून पाय सोलतो आणि रक्त न फिरल्याने उलट जास्त गारठतो. थर्मलची पँटही बुटात खोचायची नाही. उन्हाचं मात्र विसराल, म्हणून लिहिते. मिरामारची कोरडी वाळू अतिनील किरण १५ टक्क्यांच्या आसपास परतवते, ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत. ऊन खालूनही येतं. नाकपुड्यांच्या आत आणि हनुवटीखाली मलम लावा, डोळ्यांवरचा गॉगल ढगाळ दिवशीही काढू नका. प्रवास विमा काढताना त्यात स्कीइंग धरलेलं आहे का ते वाचा, पुष्कळदा साहसी खेळ वेगळे पैसे भरून जोडावे लागतात. कॅनडाला जाताना तर नक्कीच.

घरच्यांना सांगायचं की नाही? नवऱ्याला सांगा. पेजेची काळजी त्यांना आहे तर हे पाच महिने त्यांना पेज शिकवून ठेवा, तुम्ही पडा अथवा न पडा, ती कामी येईल. मुलीला, जावयाला, नातीला सांगू नका. नाताळच्या त्या शनिवारी बॅगा जावयाकडे द्या. पण तिथेही पहिल्या दिवशी पैसे भरून प्रौढांच्या वर्गात एक तास घ्या, दहा महिन्यांत पाय विसरलेले असतात.

एक काम आजच करा. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभ्या राहा आणि टाचेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत सेंटीमीटरमध्ये मोजा. स्कीच्या बुटाचं माप असंच सेंटीमीटरमध्ये असतं, २४ किंवा २४.५, आपल्या चपलेचा नंबर तिथे कुणाला कळत नाही. दोन्ही पाय मोजा आणि मोठा धरा. जन्मभर चपला घालून आपले पाय पुढे पसरलेले असतात, तेव्हा चवड्याची रुंदीही लिहून ठेवा आणि दुकानात रुंद बूट मागा. सरळ उभं राहिल्यावर अंगठा बुटाला जेमतेम लागला पाहिजे आणि गुडघे वाकवले की मागे सरकला पाहिजे. आणि मोजायचं ते संध्याकाळी, सकाळी नको. संध्याकाळी पाय थोडा सुजलेला असतो.